सूर्याचा अर्ज मुदतीत आला नाही

गावाबाहेर, तारेच्या कुंपणाजवळून जाताना तुम्हाला एक न थांबणारा घुमारा ऐकू येतो ना? लोक म्हणतात, मशीन घुमतंय. अहो, मशीन कसलं, मी बोलतोय. गेली एकवीस वर्षं एकाच सुरात बोलतोय, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही इतकंच.

मी रोहित्र. हे माझं कागदावरचं नाव. हाक मारताना सगळे ट्रान्सफॉर्मर म्हणतात, आणि वीज गेल्यावर जे म्हणतात ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. वजन बावन्न टन, पोटात अठरा हजार लिटर तेल, दोन्ही कुशींना पंख्यांच्या रांगा. धंदा विचाराल तर अस्सल व्यापाऱ्याचा. मोठ्या मनोऱ्यांवरून येते ती वीज घाऊक. तिचा दाब असा, की थेट घरात शिरली तर घर राहणार नाही. ती मी उतरवून घेतो, तिचा दाब कमी करतो आणि किरकोळीत पाठवतो. पिठाची गिरणी, इस्पितळ, पाण्याचा पंप, न्हाव्याचं दुकान, सगळी माझी गिऱ्हाइकं. देताघेताना थोडी माझ्या अंगात मुरते. तीच माझी ऊब आणि तोच माझा आवाज. मधला माणूस थोडं खाणारच. पण मी शंभरात अर्धासुद्धा खात नाही. असा दुसरा मधला माणूस बाजारात दाखवा, मी पोटातलं तेल काढून देईन.

जन्म कारखान्यातला. तांब्याच्या पट्टीला कागद गुंडाळून तिची वेटोळी करायचं काम बायकांच्या हातात होतं. त्यातली एक वयस्कर बाई नव्या मुलींना सांगायची, "बाळाचं दुपटं गुंडाळल्यासारखं गुंडाळा गं. एक सुरकुती राहिली तर वीस वर्षांनी कुठेतरी गाव अंधारात बसेल." मुली हसायच्या. मला मात्र तिचा हात अजून आठवतो. आज मी जो काही उभा आहे तो त्या न राहिलेल्या सुरकुतीवर.

मग परीक्षा झाल्या. खोटी वीज पाडून बघितली, मुद्दाम तापवून बघितलं, कानठळ्या बसतील असा दाब देऊन बघितला. मी सगळ्यांत पास. सूर्याबद्दल मात्र कुणी काही विचारलं नाही. आणि मी तरी काय सांगणार होतो? जन्मल्यापासून छपराखाली होतो, सूर्य म्हणजे काय ते मला इथे ट्रकवरून उतरवलं त्या दिवशी कळलं.

आता माझ्या अंगातलं एक वर्म सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. माझा एक पाय कायम जमिनीत असतो. म्हणजे माझ्या पोटातून एक जाड पट्टी निघते आणि खोल पुरलेली असते. कुठे काही बिघडलं, जास्तीची वीज उसळली, तर तिने गुमान जमिनीत जावं यासाठी ही सोय. ज्या दाराने आपण रोज केर बाहेर टाकतो, त्या दाराने पाहुणा आत येईल असं कुणाला वाटतं? मलाही वाटलं नव्हतं.

इथे आलो तेव्हा आम्ही दोघं भाऊ होतो. थोरला शेजारच्या चौथऱ्यावर होता. तीन वर्षांपूर्वी तो दुरुस्तीला गेला. दुरुस्तीला गेलेल्याची पहिले दोन महिने विचारपूस होते; मग त्याच्या चौथऱ्यावर लोक सायकली लावायला लागतात. तसंच झालं. दोघांचा भार मी एकटा ओढायला लागलो, आणि साहेबांनी अहवालात लिहिलं, "एका रोहित्रावर काम भागते असे आढळून आले." कष्टाळू असण्याचा हा तोटा तुमच्याकडेही असेलच.

या उपकेंद्राचा एक खास अभिमान होता. फाटकावर मोठी पाटी: 'अखंड वीजपुरवठ्याचे दिवस', आणि खाली आकड्याला चार खिळे. रोज सकाळी वायरमन काका शिडी लावून पत्र्याचा आकडा बदलायचे. आकडा नऊशेच्या घरात गेला तेव्हा लांबून लोक बघायला यायला लागले. कसं जमतं, असं विचारायचे.

जमायचं असं, की इथे वीज कधी 'जात' नसे. वीज दहा मिनिटांच्या आत परत आली तर ती गेलीच नव्हती. त्याहून जास्त वेळ लागला तर 'देखभाल'. देखभालीचं कारण नसेल तर 'चाचणी'. एकदा एक खार माझ्या तारेवर चढली आणि भाजून निघाली. गाव तासभर अंधारात बसलं. त्या नोंदीत 'वन्यजीव' असं लिहिलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी आकडा एकाने वाढला. काका शिडीवरून म्हणाले, "खार मेली, पण अखंडपणा वाचला." वीज गेली असं ठरायला एकच अट होती. नियंत्रण खोलीतल्या माणसाने वहीत स्वतःच्या हाताने 'बंद' हा शब्द लिहायला हवा. तो शब्द पावणेतीन वर्षांत कुणी लिहिला नव्हता.

नियंत्रण खोलीत एक बाई होत्या. काका त्यांना ताई म्हणत, साहेब मॅडम म्हणत, मी मनातल्या मनात आमच्या बाई म्हणायचो. त्यांची खिडकी माझ्याकडे उघडते. पाळी सुरू झाली की त्या पहिल्यांदा माझ्याकडे यायच्या, माझ्या अंगावर तळवा टेकवायच्या आणि एक लाकडी दांडा माझ्या टाकीला लावून त्याचं दुसरं टोक कानाला लावायच्या. डॉक्टर छाती तपासतो तसं. साहेबांनी एकदा बघितलं आणि विचारलं, "काय म्हणतंय?" बाई म्हणाल्या, "म्हणतंय, थोरल्याला आणा." साहेब हसले आणि गेले.

बाईंचा नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी त्यांच्या स्वतःच्या गावी, याच लाइनवर नव्वद किलोमीटर पुढे. त्या गावीही एक उपकेंद्र आहे, तिथेही माझ्यासारखाच एक उभा होता. बाई सहा वर्षं बदलीचा अर्ज करत होत्या. दर वर्षी तोच अर्ज, फक्त मुलीचं वय बदलून. रोज चारच्या सुमाराला मुलीचा फोन यायचा. "आई, आज डबा संपवला." "आई, बाबांनी भात करपवला." बाई हसून बोलायच्या आणि फोन ठेवल्यावर थोडा वेळ उगाचच मीटर बघत बसायच्या.

या वेळी मात्र काम होणार होतं. आकडा हजारावर पोचत होता, मुख्यालयातून मोठे साहेब येणार होते, मंडप, खुर्च्या, माइक, ढाल. मोठ्या साहेबांनी फोनवर शब्द दिला होता, "हजारावा दिवस नीट पार पडू दे मॅडम, तुमच्या अर्जावर तिथेच सही करतो." तेव्हा बाईंची सहा वर्षं त्या पत्र्याच्या चार आकड्यांना टांगलेली होती, हे ध्यानात ठेवा.

आता सूर्याकडे वळू. त्या सोमवारी सूर्यावर काहीतरी मोठं फुटलं. तिथून जे निघालं ते तीन दिवसांत पृथ्वीला धडकणार, असं आकाशावर नजर ठेवणाऱ्या लोकांनी लगेच कळवलं. पत्र चोख होतं: 'तीव्र सौर वादळाचा इशारा. भूचुंबकीय क्षोभामुळे लांब वाहिन्यांत व रोहित्रांत जमिनीकडून प्रवाह शिरण्याची शक्यता. भार कमी करण्याची अथवा रोहित्र अलग करण्याची तयारी ठेवावी.' यात न समजण्यासारखं काही आहे का? पण पत्र समजून घ्यायचं असतं ते वाचणाऱ्याने. आवक-जावकच्या टेबलावर पत्र वाचत नाहीत, त्यातला एक शब्द बघून ते पुढे ढकलतात.

टेबलावरच्या भल्या माणसाला पहिला शब्द दिसला, 'सौर'. पत्र सौरऊर्जा विभागात गेलं. त्यांनी तातडीने कार्यवाही केली: कार्यालयाच्या छतावरचे सगळे पॅनल धुऊन काढले आणि शेरा मारला, 'पॅनल सुस्थितीत. वादळ हा विषय या विभागाकडे नाही.' मग पत्र वादळवाल्यांकडे गेलं. ते तयारच असतात. त्यांनी विचारलंसुद्धा नाही की कसलं वादळ. सगळ्या उपकेंद्रांना निरोप गेला की झाडांच्या फांद्या छाटा, पत्रे बांधा, यंत्रसामग्री झाका. तिसऱ्या दिवशी कुणाला तरी 'भू' दिसला आणि एक प्रत जमिनीच्या विभागाकडे गेली. त्यांनी कळवलं, 'सदर जागेचा सातबारा जोडलेला नाही.'

आमच्याकडे गुरुवारी सकाळी दोन गोष्टी एकदम पोचल्या: पत्राची पाचवी प्रत, आणि ताडपत्री घेतलेले चार मजूर.

काका म्हणाले, "अरे, आभाळात ढग नाही, पानसुद्धा हलत नाही. कसलं वादळ?"

मुकादम म्हणाला, "आम्हाला काय विचारता? झाका म्हणाले, झाकतोय."

आणि त्यांनी मला झाकलं. उन्हाच्या दिवसांत, दोघांचा भार ओढणाऱ्या माझ्यासारख्याला, पंख्यांसकट, दोरखंडांनी आवळून. ताप चढलेल्या माणसाला वरून रजई घालावी तसं. बाई धावत आल्या नसत्या तर मी सूर्याची वाट न बघताच संपलो असतो. "पहिलं ते काढा," त्या म्हणाल्या. मुकादम म्हणाला, "काढण्याचा आदेश वेगळा येईल." बाईंनी काकांकडे बघितलं. काकांनी खिशातला चाकू काढला आणि दोर कापले. "आदेश आला की परत बांधू," ते मुकादमाला म्हणाले, "दोर काय पळून जातोय?"

मग बाई माझ्या सावलीत उभ्या राहून ते पत्र वाचत राहिल्या. दोनदा वाचलं. वाचणारं पहिलंच माणूस होतं ते. वाचून झाल्यावर त्या खोलीत गेल्या, चिमट्यासारखं पकडून प्रवाह मोजायचं मीटर आणलं आणि माझ्या जमिनीतल्या पायाला लावून ठेवलं. सुई शून्यावर होती.

साडेतीनला ती हलली.

काय वाटलं म्हणून सांगू? कधी पायाला मुंग्या आल्यात तुम्हाला? आधी तसं. मग त्या मुंग्या वर चढायला लागल्या. मी ज्या विजेचा व्यापार करतो ती सेकंदाला पन्नास वेळा जा-ये करते. माझं सगळं अंग त्या तालाला सरावलेलं. ही जमिनीतून येणारी वीज तशी नव्हती. ती संथ, जड, एकाच दिशेने येणारी. पाहुणा येऊन उंबऱ्यातच बसावा, धड आत नाही, धड बाहेर नाही, तशी ती माझ्या पोटातल्या लोखंडात ठाण मांडून बसली. माझा सूर फाटला. घुमारा जाऊन घरघर सुरू झाली. जिथे कधी तापलो नव्हतो अशा कोपऱ्यांत तापायला लागलो, आणि तेलात बारीक बुडबुडे धरायला लागले.

बाईंनी दांडा कानाला लावला आणि लगेच काढला. त्या तशाच मंडपाकडे निघाल्या. आमचे साहेब खुर्च्यांची रांग सरळ करत होते. मंडप माझ्यापासून पंचवीस पावलांवर; मला सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, रोहित्राचा आवाज बदललाय."

"आज सगळ्यांचाच बदललाय मॅडम. माइकवाल्याचा तर बसलाय."

"जमिनीकडून प्रवाह येतोय. चाळीस अँपिअर. एरवी तिथे सुई हलत नाही."

"येतोय ना? जात तर नाही?"

"यायला नको, तेच तर सांगतेय."

"आपण मागितला नव्हता, तरी येतोय. येऊ द्या की."

"तेलात गॅस धरायला लागलाय. तासभर असंच राहिलं तर वेटोळी जळतील. बंद करायला हवं."

साहेबांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. "तो शब्द आज उच्चारू नका," ते म्हणाले. "मोठे साहेब नाक्यापर्यंत आलेत."

"मग नियोजित बंद म्हणून नोंदवते."

"नियोजितला सात दिवस आधी अर्ज लागतो. पेपरात जाहीर सूचना लागते."

"सूर्याने तीनच दिवस आधी कळवलं, साहेब."

"मग ती त्याची चूक आहे," साहेब म्हणाले, आणि खरं सांगतो, ते थट्टा करत नव्हते. मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "ताई, तुमचा अर्ज माझ्या पिशवीत आहे. वरचा कागद तोच ठेवलाय. तासाभराचा प्रश्न आहे. नंतर काय करायचं ते करा."

हा माणूस वाईट नव्हता हो. कुणाचं वाईट व्हावं असं त्याला वाटत नव्हतं. फक्त जे व्हायचं ते कार्यक्रमानंतर व्हावं असं वाटत होतं.

बाई खोलीत परत आल्या. फोन वाजत होता. मुलीचा.

"आई, घरातले दिवे बारीक-मोठे होतायत. पंखा पण दमल्यासारखा फिरतोय. आई, तू उद्यापासून इथेच ना?"

"बघते गं राणी. सगळ्या पिना काढून ठेवायला सांग बाबांना."

फोन ठेवून त्यांनी दुसरा लावला, त्यांच्या गावच्या उपकेंद्रात. तिथला ऑपरेटर त्यांच्याच बरोबरीचा. "तुझ्याकडे घरघरतंय का?"

"केव्हाचं. अंगणातून धूर आल्यासारखा वास येतोय. वर विचारलंय."

"विचारत बसू नकोस. काढ त्याला बाहेर."

"आदेश आला की काढतो. तुझं ठीक आहे, तुझी बदली होतेय. माझी नोकरी राहायला हवी."

बाईंनी फोन ठेवला. खिडकीतून माझ्याकडे बघत राहिल्या. मी काय करणार, घरघरत होतो. एवढ्यात काका आत आले आणि पाणी प्यायला म्हणून माठाशी थांबले, पण पाणी काही प्यायले नाहीत. "ताई," ते म्हणाले, "थोरल्याला दुरुस्तीला नेलं त्याला तीन वर्षं झाली. हा गेला तर?"

"नवा यायला दीड-दोन वर्षं, काका."

"आणि तोवर?"

"तोवर काही नाही."

"मग मी शिडी काढून ठेवतो," काका म्हणाले. "आकडा उतरवायला लागेल."

बाईंनी इस्पितळाला फोन केला: दहा मिनिटांत जनरेटर सुरू करा, मी विचारून नाही, सांगून करतेय. मग पाण्याच्या पंपाला. मग बाजारातल्या एकुलत्या एका लिफ्टवाल्या इमारतीच्या चौकीदाराला: आत कुणी असेल तर बाहेर काढा. चौकीदार म्हणाला, "आत नेहमी दुसऱ्या मजल्यावरचे वकीलच अडकतात, त्यांना जिन्याने पाठवतो." बरोबर दहा मिनिटं त्यांनी घड्याळाकडे बघत काढली. बाहेर मोठे साहेब बोलायला उभे राहिले होते. बाईंनी वही ओढली, वेळ टाकली, चार वाजून सात मिनिटं, आणि ठळक अक्षरात लिहिलं: 'बंद. माझ्या जबाबदारीवर.' खाली पूर्ण सही.

मग त्यांनी स्विचची मूठ फिरवली. मोठ्या लाइनपासून मी सुटलो.

मंडपातून मला शेवटचं ऐकू आलं ते मोठ्या साहेबांचं भाषण. "या गावाने जगाला दाखवून दिलं की पुरवठा अखं..." तिथे माइक गेला. अखंडातलं 'अखं' तेवढं गावाच्या वाट्याला आलं.

आणि मग शांतता. तुम्हाला शांतता आवडते, डोंगरात जाता तिच्यासाठी. मला पहिल्यांदाच माझा स्वतःचा आवाज बंद झाल्यावरचं जग ऐकू आलं. चौथऱ्यावरून एक सायकल पडली. बायका दारात येऊन एकमेकींना विचारत होत्या, तुमची पण गेली का. कुठेतरी एक म्हातारा खोकला. पायातल्या मुंग्या कमी होत गेल्या. तेल निवत चाललं.

मोठे साहेब गाडीत बसले. आमच्या साहेबांनी पिशवीतला वरचा कागद काढला, तळाशी घातला आणि पिशवीचं तोंड बंद केलं.

दिवस मावळला तरी उत्तरेकडचं आभाळ लालच राहिलं, जास्वंदी लाल, आणि ते हळूहळू हलत होतं. गावात दिवे नव्हते, त्यामुळे सगळ्यांना ते दिसलं. गच्च्यांवर गर्दी झाली. लोकांनी फोटो काढले आणि वीज कंपनीला शिव्या घातल्या, दोन्ही एकाच हाताने. साडेसातला आकाशवाल्यांचा निरोप आला की जोर ओसरला. बाईंनी आणखी एकदा माझं तेल तपासलं, दांडा लावला, आणि मला परत जोडलं. मी माझ्या जुन्या सुरात बोलायला लागलो. गावाने "आली" म्हटलं आणि आपापल्या कामाला लागलं.

त्याच संध्याकाळी, पाच वाजून वीस मिनिटांनी, बाईंच्या गावचा माझा जोडीदार जळाला. आदेश निघाला होता. तो पावणेसहाला पोचला.

पुढची हकीकत ऐका, कारण सूर्याने केलं ते मला समजलं, माणसांनी केलं ते अजून समजायचं आहे. जळालेल्या रोहित्राला बघायला पाहुण्यांची रीघ लागली. त्याच्या काळ्या पडलेल्या अंगापुढे उभं राहून फोटो निघाले. तिथल्या ऑपरेटरला 'अखेरच्या क्षणापर्यंत पुरवठा सुरू ठेवल्याबद्दल' प्रशस्तिपत्र मिळालं. तो बिचारा ते घेताना खाली मान घालून उभा होता म्हणे.

आमच्याकडे तीन जणांची चौकशी समिती आली. माझ्याच पुढ्यात टेबल मांडलं.

"चार वाजून सात मिनिटांपासून पावणेआठपर्यंत पुरवठा बंद होता. बरोबर?"

"बरोबर," बाई म्हणाल्या.

"या काळात उपकेंद्राचं काय नुकसान झालं?"

"काही नाही."

"नुकसान काही नाही, मग बंद करण्याचं कारण काय?"

"नुकसान होऊ नये, हेच."

"जे झालंच नाही त्याचा पुरावा काय?"

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. तिघांनी वळून बघितलं. मी उभा होतो, घुमत होतो, रंग शाबूत, पंखे फिरतायत. "यात तर काहीच बिघाड दिसत नाही," समितीचे अध्यक्ष म्हणाले, आणि तसं लिहून घेतलं. बाईंच्या विरुद्ध सगळ्यात मोठा पुरावा मीच ठरलो. मी जळालो असतो, तर बाई निर्दोष सुटल्या असत्या.

"काय काय झालं नाही त्याची यादी जोडू का, साहेब?" बाईंनी विचारलं.

"नमुन्यात तसा रकाना नाही," अध्यक्ष म्हणाले.

शिक्षा महिन्याभरात आली. बाईंची बदली, तडकाफडकी, ज्या ठिकाणी जायला कुणी तयार नाही अशा ठिकाणी: जिथे रोहित्र जळालंय, दिवसातून चार तास उसनी वीज येते, आणि लोक उपकेंद्राच्या फाटकाशी भांडायला येतात. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या गावी. सही करणाऱ्याने सहा वर्षांचे अर्ज वाचले असते तर तिथे कधीच पाठवलं नसतं. न वाचण्याचेही काही फायदे असतात. आमचे साहेब आदेश घेऊन आले तेव्हा चेहरा गंभीर ठेवायचा त्यांनी फार प्रयत्न केला. "मॅडम, कारवाई झाली आहे," ते म्हणाले, आणि मग राहवलं नाही, "उद्याची गाडी पकडा, कुणाच्या लक्षात यायच्या आत."

थोरलाही सापडला. दुरुस्त होऊन दोन वर्षं कारखान्याच्या मागे उभा होता. न्यायला या, असं पत्र कुठल्या टेबलावर गेलं होतं देव जाणे. तो आता तिकडेच गेला, बाईंच्या गावी. बाईंनी निघताना माझ्या अंगावर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "त्याला तुझा निरोप सांगते." काका तिथेच होते. "आम्हाला कोण आहे आता?" ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "तुम्ही आहात की, काका." काकांनी मान फिरवली आणि उगाच एक बोल्ट आवळला.

चांगलं झालं म्हणाल. बाईंचं झालं. माझं ऐका.

समितीने अहवालात एक शिफारस केली होती, 'भविष्यात अशी घटना टाळण्यासाठी'. मला वाटलं, सूर्याबद्दल असेल. ती बाईंबद्दल होती. मला लाइनपासून सोडवणारी जी मूठ आहे, तिच्यावर आता लोखंडी पेटी बसवली आहे आणि पेटीला कुलूप. चावी मुख्यालयात, मोठ्या साहेबांच्या कपाटात. गाडीने साडेचार तास. चावीसाठी अर्जाचा नमुना आहे. तो दोन प्रतींत भरायचा. नवा ऑपरेटर गुणी आहे, पत्र आलं तर वाचेल, सूर फाटला तर त्याला कळेलही. पण कळून तो काय करणार? पेटी हलवून बघेल.

सूर्याचं तापण्याचं वर्ष अजून संपलेलं नाही, असं आकाशवाले म्हणतात. तो परत फुटेल, उद्या नाहीतर दहा वर्षांनी, आणि पुन्हा तीनच दिवस आधी कळवेल. त्यातले अडीच दिवस टेबलं खातील. पायात मुंग्या शिरल्या की माझ्या वाट्याला साधारण तास-दीड तास येईल. तेवढ्यात वेटोळ्यांवरचा कागद टिकेल, त्या बायकांनी तो तसाच गुंडाळला आहे. साडेचार तास नाही टिकणार.

म्हणून तुम्हाला सांगतोय. मला नवा रंग नको, पाटी नको, माझ्यासमोर भाषण नको. तुमच्यापैकी कुणाची मुख्यालयात ओळख असेल, कुणी त्या कपाटापर्यंत पोचत असेल, तर एवढं करा: ती चावी इथे पाठवा. काकांनी नियंत्रण खोलीत, खिडकीशेजारच्या भिंतीवर, हात सहज पोचेल इतक्या उंचीवर एक खिळा ठोकून ठेवला आहे. कुणी विचारलं तर सांगतात, टोपी अडकवायला. काका टोपी घालत नाहीत.